गोगलगायीचं फाटक

निवृत्त झाल्यावर बाराव्या दिवशी सीफस विगफॉलने बायकोचे मसाल्याचे डबे घरनंबरांसारखे लावले, सम डबे डावीकडे आणि विषम उजवीकडे. तेराव्या दिवशी ओडेसाने त्याला घराबाहेर काढलं.

काढलं म्हणजे भांडून नव्हे. चार्ल्स्टनमध्ये चांगल्या घरातली बायको नवऱ्याला भांडून बाहेर काढत नाही. ती त्याच्या हातात टोपी देते आणि म्हणते, "आज हवा काय सुरेख आहे, नाही?" हवा फेब्रुवारीतली होती, ओली आणि हाडात शिरणारी. पण एकतीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माणसाला हवेचं कारण सांगता येत नाही. सीफसने टोपी घातली.

"आणि हा घेऊन जा," म्हणत ओडेसाने त्याच्या खिशात पास कोंबला. निरोपसमारंभात ऑफिसातल्या लोकांनी त्याला दोन वस्तू दिल्या होत्या. एक जाडजूड मनगटी घड्याळ, ज्याच्या पट्ट्याला बैल बांधता आला असता, आणि दुसरा हा पास. शहरातल्या सगळ्या सहली आणि सगळी संग्रहालयं, वर्षभर मोफत.

"अगं, मी ह्याच शहरात जन्मलो. मला काय दाखवणार हे लोक?"

"तेच बघून ये," ओडेसा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पहिल्या आठवड्यात सीफसने सात सहली केल्या. पायी तीन, बोटीतून एक, खेचराच्या गाडीतून दोन आणि भुतांची एक. सातही ठिकाणी त्याचं वाटाड्यांशी वाजलं. भांडण नव्हे, दुरुस्ती. वाटाड्या म्हणायचा, "ह्या घरात एक विधवा शंभर वर्षं खिडकीत उभी आहे," आणि मागून सीफस अदबीने म्हणायचा, "माफ करा सर, पण त्या खिडकीत दंतवैद्य राहतात. त्यांना मासिकं फार येतात." पोस्टमनला शहर असं माहीत असतं. कोणाला कर्जाचे लखोटे येतात, कोणाला मुलीची पत्रं येत नाहीत, हे त्याला ठाऊक असतं. आणि फाटकं तर सीफसला अंगठ्याने ओळखू यायची. कुठलं कुरकुरतं, कुठलं अडतं, कुठल्यामागे कुत्रा आहे. डोळे बांधून अख्ख्या जुन्या वस्तीतून नेलं असतं तरी त्याने अंगठा टेकवून पत्ता सांगितला असता. ही विद्या जगात कोणाच्या उपयोगाची नाही, असं ओडेसाचं मत होतं.

आठव्या दिवशी पाऊस होता म्हणून तो लाटिमर कला संग्रहालयात शिरला.

तिथे रोज अकराला मिस लव्हिनिया प्रेलो पाहुण्यांना संग्रहालय दाखवत. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, गळ्यात मोती, हातांत पांढरे हातमोजे. ही सेवा त्या फुकट करत आणि म्हणूनच त्यांना मध्येच कोणी बोललेलं खपत नसे. तैलचित्रं झाली, चांदीचे चहाचे संच झाले, आणि मंडळी लोखंडकामाच्या दालनात आली. समोर भिंतीवर, चौकटीसकट चार बोल्टांवर टांगलेलं एक फाटक होतं. सीफसचा अंगठा आपोआप हलला.

हे फाटक तो ओळखत होता. चर्च स्ट्रीटच्या एका मोठ्या घराच्या बाजूच्या बागेचं ते फाटक होतं, आणि एकोणतीस वर्षं त्यातून जाऊन त्याने मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूची डाक दिली होती. पण त्याहून मोठी ओळख म्हणजे ते त्याच्या आजोबांनी घडवलं होतं. जोसाया विगफॉल, लोहार. दोन वर्षांपूर्वी घर विकलं गेलं आणि फाटक संग्रहालयात गेलं, तेव्हा सीफसला बरंच वाटलं होतं. आता तो कौतुकाने पुढे झाला आणि त्याने खालची पाटी वाचली.

'बागेचे फाटक, घडीव लोखंड. कारागीर अज्ञात. अंगठ्याची कळ गहाळ.'

त्याने ती तीनदा वाचली. आजोबांना जाऊन पन्नास वर्षं झाली होती, पण अज्ञात ते आजवर कधीच नव्हते. चर्चच्या अर्ध्या बाकांचे कोपरे त्यांनीच ठोकले होते.

मग त्याने फाटकाकडे नीट पाहिलं आणि त्याच्या लक्षात दुसरी गोष्ट आली.

ह्या फाटकांना रस्त्याच्या बाजूने लोखंडाची एक चपटी जीभ असते. ती अंगठ्याने दाबली की आतल्या बाजूची आडवी पट्टी उचलली जाते. इथे समोर दिसत होती ती पट्टी. जीभ दिसत नव्हती, कारण ती भिंतीकडे होती.

"माफ करा, मॅम," सीफस म्हणाला, "फाटक उलटं लावलंय."

मिस लव्हिनियांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात?"

"आतली बाजू बाहेर आलीय. कळ गहाळ नाहीये, मागे आहे. आणि कळीच्या खाली एक गोगलगाय असेल, छिन्नीने कोरलेली. माझ्या आजोबांची खूण आहे ती. आजी त्यांना चिडवायची, तुमचं एक फाटक होईपर्यंत गोगलगाय सॅव्हाना शहराला जाऊन परत येईल. तेव्हापासून ते प्रत्येक कामावर गोगलगाय कोरायचे."

"मिस्टर...?"

"विगफॉल, मॅम."

"मिस्टर विगफॉल, हे फाटक माझ्या वडिलांच्या घरचं आहे. मी लहानपणी ह्यावर झोके घेतलेत. मला माझं फाटक ओळखू येत नाही असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, मॅम. पण झोके कुठल्या बाजूने घेतलेत?"

मिस लव्हिनिया पुढच्या वस्तूकडे वळल्या. ती एक दिव्याची दांडी होती आणि तिच्यावर त्या नेहमीपेक्षा दुप्पट बोलल्या.

इथवर सगळं ठीक होतं. शहाण्या माणसाने घरी येऊन ही गोष्ट बायकोला सांगितली असती आणि सूप पिऊन झोपला असता. पण आड आला रविवार. रविवारी चर्चनंतर सीफसकडे जेवायला फिलोमिना आत्या असायच्या. जोसाया विगफॉलांची शेवटची हयात मुलगी, वय चौऱ्याण्णव वर्षं नऊ महिने, कानाने तिखट आणि जिभेने त्याहून. शेजारचे, चर्चच्या कारभारातले डीकन बोनोही असायचे, कारण ओडेसाच्या टोमॅटो घातलेल्या लाल भाताचा वास त्यांच्या घरापर्यंत जायचा आणि ते सरळ मनाचे गृहस्थ होते.

सीफसने सगळं सांगितलं. आत्यांनी काटा खाली ठेवला.

"हे फाटक झालं तेव्हा मी सहा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "भाता मी ओढत होते. नंतर एकदा पपांनी मला त्या संग्रहालयाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं. आत चित्रं आहेत म्हणाले. दारातल्या माणसाने आम्हाला आत सोडलं नाही. काळ्या लोकांना तेव्हा सोडत नसत. येताना पपांनी मला आइस्क्रीम घेऊन दिलं. तेव्हा मी ठरवलं, बोलावल्याशिवाय पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही."

"आता सगळ्यांना सोडतात, आत्या."

"सोडतात आणि बोलावतात ह्यात फरक आहे, सीफस. पपांचं फाटक आत आहे आणि पपा अज्ञात. मी कशाला जाऊ?"

अशा वेळी माणसाच्या तोंडून नको ते निघतं. "आत्या," सीफस ताठ बसून म्हणाला, "मे महिन्यात तुमच्या पंचाण्णवाव्या वाढदिवसाला आजोबांचं नाव त्या भिंतीवर असेल. माझा शब्द."

ओडेसाने कपाळाला हात लावला. डीकन बोनोंनी तिसऱ्यांदा भात वाढून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत चर्चमधल्या दोनशे दहा लोकांना सीफसचा शब्द कळला होता.

सोमवारी सीफस सूट घालून संग्रहालयात गेला. संग्रहाच्या प्रमुख होत्या डॉ. हालवर्सन, मिनेसोटाकडच्या, तिशीतल्या, फार गोड. त्यांनी सीफसला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि 'वस्तुमाहिती दुरुस्ती विनंती' नावाचा नऊ पानी फॉर्म दिला. सोबत तीन पुरावे हवे होते.

सीफसने आत्यांच्या घरून चुलीची सळई नेली. तिच्या मुठीवर गोगलगाय होती.

"किती सुंदर!" डॉ. हालवर्सन मनापासून म्हणाल्या. "ह्यावरून सिद्ध होतं की ही सळई तुमच्या आजोबांनी केली."

"आणि फाटक?"

"फाटकावर गोगलगाय नाहीये ना."

"मागे आहे, मॅम. उलटवून बघा."

"वस्तू हलवायला समितीची परवानगी लागते. समिती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बसते. एप्रिलचा विषय गेल्याच आठवड्यात ठरला. चमचे."

"मग मागून आरसा धरून बघूया? टॉर्च आहे माझ्याकडे."

"आरसा हे उपकरण झालं, मिस्टर विगफॉल. वस्तूजवळ उपकरण न्यायला समितीची परवानगी लागते."

सीफस स्वतः सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस. समोरचा नियमाने वागतोय की नियमामागे लपतोय, हे त्याला कळत असे. ही बाई खरोखर नियमाने वागत होती, आणि त्यामुळेच त्याचा नाइलाज झाला. लपणाऱ्याला बाहेर काढता येतं.

"आणि देणगीच्या कागदाला फोटो जोडलाय," डॉ. हालवर्सन हळूच म्हणाल्या. "प्रेलो कुटुंबानेच काढलेला. आम्ही फोटोप्रमाणेच लावलंय." फोटोत फाटकामागे रस्ता दिसत होता. म्हणजे तो बागेत उभं राहून काढला होता. सीफसने ते सांगितलं. त्यांनी ते फॉर्मच्या 'इतर' ह्या रकान्यात लिहायला सांगितलं.

आत्यांना त्याने ऑक्टोबरचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी थांबेन. पण शब्द देत नाही. शब्द तू दिलायस."

आता मैदानात डीकन बोनो उतरले. डीकन चाळीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झाले होते आणि जगातली कुठलीही अडचण फक्त चुकीच्या वळणामुळे येते असं त्यांचं मत होतं.

"ब्रदर विगफॉल, तुम्ही चुकीच्या दारात गेलात," कुंपणावर कोपरं टेकून ते म्हणाले. "ह्या गावात इतिहास कोण ठरवतं? समिती? छट्! खेचराची गाडी हाकणारे ठरवतात. त्यांनी एखादी गोष्ट दिवसातून चारदा सांगितली की महिन्याभरात ती पुस्तकात येते. ह्या फाटकाचं जोडफाटक, तुमच्या आजोबांनीच केलेलं, अजून चर्च स्ट्रीटवर आहे ना? त्या बाईंना ते दाखवलंत तर त्या सळईसारखंच म्हणतील. गाडीवाल्याला सांगा, तिथे थांब आणि जोसाया विगफॉलांचं नाव घे. मग बघा संग्रहालय कसं धावत येतं."

सीफसला हे पटलं. माणूस बुडताना डीकन बोनोंचंही पटतं.

खेचराची गाडी ठरलेली होती, गाडी हाकणारी ठरलेली होती. ओहायोची ब्रँडी नावाची मुलगी, गावात येऊन दोन महिने झालेली, आणि तिचं डचेस नावाचं खेचर. सीफसने तिला आजोबांची कथा पाठ करून घेतली. पण ह्या शहरात गाडीने कुठल्या रस्त्याने जायचं हे गाडीवाला ठरवत नाही. एकाच गल्लीत दहा खेचरं घुसू नयेत म्हणून नगरपालिकेच्या टपरीवर एक यंत्र असतं. त्यात रंगीत चेंडू उडतात, एक बाहेर पडतो, आणि त्याच्या रंगाप्रमाणे गाडीला वस्ती मिळते. चर्च स्ट्रीटला जायला हिरवा चेंडू हवा होता.

सीफस पास दाखवून अकरा दिवस रोज गाडीत बसला. अकरा दिवस हिरवा सोडून सगळे रंग निघाले. तुरुंगाची वस्ती त्याने पाच वेळा पाहिली. टपरीवरचा माणूस त्याला बघून आधीच "सॉरी, सर" म्हणू लागला. डचेसही त्याच्याकडे जरा सहानुभूतीने पाहते असं त्याला वाटायला लागलं. घरी ओडेसा रोज विचारायची, "आज कुठला रंग?" आणि तो टोपी खुंटीला लावायचा.

बाराव्या दिवशी सीफस सर्दीने घरी होता आणि हिरवा चेंडू निघाला.

ब्रँडीने इमानाने गाडी जोडफाटकापाशी थांबवली. पण पाठ केलेलं दोन आठवड्यांत थोडं विरलं होतं, आणि गाडीत बसलेल्यांचे चेहरे कंटाळलेले होते. तिने कथेला जरासा हात लावला. जोसाया विगफॉल नावाचा लोहार होता, हे बरोबर सांगितलं. त्याचं दुसरं फाटक लाटिमर संग्रहालयात आहे, हेही बरोबर. फक्त पुढे तिने सांगितलं की नाव पुसल्यामुळे त्याचा आत्मा त्या फाटकात अडकलाय आणि कान लावला तर हातोडा ऐकू येतो. त्या दिवशी तिला भरघोस बक्षिसी मिळाली. मग बाकीच्या गाड्यांनीही ते उचललं, आणि चेंडूचा रंग कुठलाही असो, सगळ्या वस्त्यांत ही कथा फिरू लागली.

मे उजाडेपर्यंत लोखंडकामाच्या दालनात रोज रांग लागायला लागली. माणसं दोरीपलीकडून माना लांब करून फाटकाला कान लावायची. मिस लव्हिनिया संतापाने लाल व्हायच्या.

"तुमच्या आजोबांचं भूत करून ठेवलंत तुम्ही!" त्या सीफसला म्हणाल्या.

"मी नाही, मॅम. मी तर त्यांचं नाव मागत होतो." त्याला खरोखर लाज वाटली. आजोबा अज्ञात होते ते परवडलं, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आत्यांना तर तो तोंडच दाखवत नव्हता.

आणि वाढदिवस आला. सकाळी दहाला डीकन बोनोंनी चर्चची मोठी गाडी संग्रहालयासमोर थांबवली. आतून चर्चमधल्या बायकांच्या सतरा टोप्या उतरल्या, पिसांच्या, फितींच्या, फळांच्या, आणि सर्वांत शेवटी जांभळ्या टोपीत फिलोमिना आत्या. ओडेसाच्या हातात नारळाच्या केकचा डबा होता.

"लागलं का नाव?" आत्यांनी विचारलं.

सीफस पायऱ्यांवर उभा होता. "अजून नाही, आत्या. मला माफ करा. मी सगळं करून पाहिलं."

कोणी ओरडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. आत्यांनी फक्त मान हलवली आणि पायऱ्यांखालच्या बाकावर बसल्या. "मग मी इथेच बसते. ऊन छान आहे. तू जा आत, तुझा पास आहे."

सीफस आत गेला, कारण बाहेर त्यांच्या नजरेसमोर उभं राहवत नव्हतं. लोखंडकामाच्या दालनात भूत बघायला आलेले तीसचाळीस प्रवासी होते आणि मिस लव्हिनिया त्यांना ठणकावत होत्या, "ह्यात कोणताही आत्मा नाही. हे एका अज्ञात कारागिराचं काम आहे. अंगठ्याची कळ गहाळ आहे."

पुढे काय झालं ते सीफसने ठरवून केलं नाही, हे त्याने नंतर चौकशीत शपथेवर सांगितलं. एकतीस वर्षं जो हात रोज फाटकं उघडत होता, तो हात आपणहून निघाला. सीफसने दोरी ओलांडली, दोन गजांमधून हात घातला, भिंत आणि लोखंड ह्यांतल्या तीन बोटांच्या फटीत मनगट वळवलं, आणि अंगठा दाबला.

टक्.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आडवी पट्टी उचलली गेली आणि खाली पडली. एक बाई किंचाळली, "भूत!" मग भोंगा वाजायला लागला.

पहारेकरी अर्ल धावत आला. अर्ल म्हणजे सीफसच्याच चर्चचा, सहा फूट चार इंच. "ब्रदर विगफॉल," तो काकुळतीने म्हणाला, "तेवढा हात काढा. माझी नोकरी आहे हो."

"काढतोय," सीफस म्हणाला. हात निघाला नाही. पट्ट्याला बैल बांधता येईल असं ते निरोपाचं घड्याळ कुलपाच्या पेटीमागे अडकलं होतं. त्याने ओढलं, वळवलं, फिरवलं. घड्याळ हललं नाही. पण फिरवताना बोटं कळीच्या खाली लागली आणि तिथे त्यांना एक गोल वेटोळं लागलं, आणि त्यावर दोन बारीक शिंगं.

"आहे!" सीफस भिंतीला गाल चिकटवून ओरडला. "इथे आहे ती! शिंगंसुद्धा आहेत!"

डॉ. हालवर्सन आल्या. अग्निशमन दल आलं. कप्तानाने एक नजर टाकली आणि मोठी कात्री मागवली. "सोप्पं आहे. हा गज कापू."

"नाही!" डॉ. हालवर्सन, मिस लव्हिनिया आणि सीफस तिघं एकदम ओरडले. सीफस सगळ्यांत मोठ्याने. "माझा हात कापा साहेब, पण आजोबांच्या गजाला हात लावू नका."

मिस लव्हिनियांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ह्या माणसाने फाटकाला भूत लावलं असं त्या तीन आठवडे म्हणत होत्या. आता त्या फाटक आणि कप्तानाची कात्री ह्यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मग फाटक भिंतीवरून काढू," कप्तान म्हणाला. "चार बोल्ट तर आहेत."

"त्याला समितीची..." डॉ. हालवर्सन सुरू झाल्या.

"मॅम, समितीत कोणाचा हात अडकलाय?"

डॉ. हालवर्सननी नियमाचं पुस्तक काढलं, भराभर पानं उलटली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "माणसाच्या जिवाला धोका असल्यास वस्तू तत्काळ हलवता येते! पान एक्केचाळीस! काढा!" एवढ्या आनंदाने त्यांनी कुठला नियम वाचला नसेल.

बोल्ट निघाले. चौघा जवानांनी फाटक चौकटीसकट उचललं, आणि सीफस त्याच्यासोबत, हात आत अडकलेला, एक पाऊल पुढे, दोन बाजूला, असा निघाला. घड्याळाची चाप दिसायला उजेड हवा म्हणून त्यांनी फाटक दालनाच्या मोठ्या दाराशी नेलं आणि फिरवून उभं केलं. कप्तानाने पट्टा सोडला. हात सुटला. पण हाताकडे कोणीच पाहत नव्हतं.

भिंतीकडे दोन वर्षं लपलेली बाजू उजेडात आली होती. पानं पुढे झुकलेली, वेलीचे आकडे रस्त्याकडे उमललेले, मधोमध अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेली कळ, आणि तिच्याखाली एक गोगलगाय, शिंगं वर, घाई नसलेली.

मिस लव्हिनियांनी उजवा हातमोजा काढला. अंगठा कळीवर ठेवला.

"आम्ही व्हरांड्याच्या दाराने जायचो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "हे फाटक माळ्यासाठी होतं. बर्फवाल्यासाठी. तुमच्यासाठी. मी हे बाहेरून कधी पाहिलंच नाही. वीस वर्षं त्या घरात राहिले, मिस्टर विगफॉल, आणि फाटकाची चांगली बाजू कधी पाहिलीच नाही."

"पाहतील ते रस्त्यावरचे, म्हणून तोंड तिकडे करतात, मॅम," सीफस म्हणाला. "आजोबा म्हणायचे."

मिस लव्हिनिया भिंतीकडे गेल्या. त्यांनी पाटी उपटली, मागची कोरी बाजू डॉ. हालवर्सनांपुढे धरली आणि म्हणाल्या, "लिही, बाळ."

"समिती ऑक्टोबरमध्ये..."

"समितीची अध्यक्षा मीच आहे. लिही."

डॉ. हालवर्सननी लिहिलं. सीफस एकेक अक्षर बघत होता. मग तो धावत बाहेर गेला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एका हाताला ओरखडे, पण त्या पायऱ्या तो पोस्टात लागल्याच्या पहिल्या दिवशी उतरला असता तशा उतरला. मिस लव्हिनिया त्याच्यामागे होत्या आणि बाकापर्यंत त्याच पुढे गेल्या.

"मिस फिलोमिना," त्या म्हणाल्या, "मी लव्हिनिया प्रेलो. तुमच्या वडिलांचं फाटक आत आहे. तुम्ही आत याल का? आम्ही बोलावतोय."

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सीफसकडे. "नाव?"

"लागलंय, आत्या."

त्या उठल्या. मागे सतरा टोप्या निघाल्या. पायऱ्या सावकाश झाल्या, कोणी घाई केली नाही. दालनाच्या दारात चार जवान फाटक धरून उभे होते, चांगली बाजू बाहेर. वाट अडली म्हणून ते फाटक बाजूला सरकवू लागले.

"राहू द्या," आत्या म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि चौकटीला टेकवलेली पाटी मोठ्याने वाचली, सगळ्या टोप्यांना ऐकू जाईल अशी. "जोसाया विगफॉल, लोहार." मग त्या खाली वाकल्या, गोगलगायीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ममा बरोबरच म्हणायची. फारच वेळ लावलात, पपा."

त्यांनी अंगठा कळीवर ठेवला. टक् झालं. फाटक उघडलं आणि फिलोमिना आत्या त्यातून आत गेल्या, टोपीचं पीसही न वाकवता. त्यांच्यामागे सतरा टोप्या, ओडेसा केकसकट, आणि ज्यांना हे सगळं आपल्याच सल्ल्याने झालं ह्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती ते डीकन बोनो.

सगळ्यांत शेवटी सीफस आत गेला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने त्याने फाटक मागे नीट लावून घेतलं.